सासरची वंशावळ थेट इंग्लंडच्या राजापर्यंत जाते म्हणतात, कितपत खरं धरायचं?

मेघना_बॉस्टनकर:
नमस्कार मंडळी. बॉस्टनपासून तासाभरावर राहते, नवरा इथलाच, म्हणजे अगदी जुन्या न्यू इंग्लंडवाल्यांपैकी (अमेरिकेचा ईशान्य कोपरा). लेकीला शाळेत फॅमिली ट्री करायला सांगितलाय. माझ्या बाजूचं काम एका फोनवर झालं, बाबांनी कुलवृत्तांतातलं पान व्हॉट्सॅपवर टाकलं, नऊ पिढ्या, विषय संपला. (त्यात एकाही बाईचं माहेरचं नाव नाही, पण ते असो.)

सासरी मात्र प्रकरण वाढलंय. सासूबाईंनी माळ्यावरून एक भलीमोठी गुंडाळी काढली, नवऱ्याच्या पणजोबांनी १९१० च्या आसपास पैसे देऊन कोणाकडून तरी बनवून घेतलेली. खाली पणजोबा, मध्ये १६३५ साली मॅसॅच्युसेट्सच्या इप्सविच गावात आलेला मूळपुरुष, मग तो इंग्लंडच्या सफकमधल्या एका जमीनदार घराण्यातला धाकटा मुलगा, मग सरदार, अर्ल, आणि सगळ्यात वर किंग एडवर्ड पहिला. कोपऱ्यात रंगीत ढालीचं चिन्ह पण आहे, सिंह वगैरे. सासूबाईंच्या दृष्टीने हे वेदवाक्य. लेक वर्गात सांगूनही आली की मी राजाची नातवंड आहे.

मला दोनच गोष्टी विचारायच्यात. असं खरंच असू शकतं का, आणि तपासायचं झालं तर सुरुवात कुठून करायची? सासूबाईंना दुखवायचं नाहीये, पण खोटं शाळेत लिहून द्यायलाही जिवावर येतंय.

चहाबिस्किट:
अभिनंदन वहिनी, आता थँक्सगिव्हिंगला टर्की सोन्याच्या ताटात. राज्याभिषेकाचं आमंत्रण आलं तर आम्हालाही घेऊन चला.

जुनीबखर:
मेघनाताई, असू शकतं, आणि दिसतं तितकं दुर्मीळही नाही. १६२० ते १६४० च्या दरम्यान वीसेक हजार इंग्रज न्यू इंग्लंडला आले, बहुतेक शेतकरी, विणकर, सुतार, पण त्यातल्या मोजक्या लोकांचं मूळ कागदोपत्री राजघराण्यापर्यंत नेता येतं. अशा माणसाला तिकडे गेटवे अ‍ॅन्सेस्टर म्हणतात, म्हणजे तो एक सापडला की त्याच्यामागचा दरवाजा उघडतो. गॅरी बॉइड रॉबर्ट्स या वंशावळकाराने अशांची यादीच पुस्तकरूपात केलीये, आधी ५०० नावं, मग ६००, आणि २०१८ च्या आवृत्तीत ९००, त्यात फक्त न्यू इंग्लंड नाही, व्हर्जिनिया, क्वेबेक सगळे धरून. तुमचा मूळपुरुष त्यात आहे का ते पहिल्यांदा बघा. नसेल तर लगेच खोटं असं नाही, पण कान टवकारायला हवेत.

राजाचं रक्त सुतारापर्यंत येतं कसं असं लोक विचारतात. साधं आहे हो. एडवर्ड पहिल्याची मुलगी एलिझाबेथ हिचं लग्न हेरफर्डचा अर्ल हम्फ्री द बोहनशी झालं, त्यांची मुलगी मार्गरेट कोर्टनी घराण्यात दिली. पुढे धाकट्या मुलाची धाकटी मुलगी, तिच्या नवऱ्याकडे एकच गाव, मग त्यांच्या मुलाकडे अर्धं गाव, असं दरवेळी एक पायरी खाली. थोरल्याला जमीन, बाकीच्यांनी आपलं बघावं. तीनशे वर्षांत राजाचा वंशज एखाद्या खेड्यातला पाद्री होतो आणि त्याची मुलगी जहाजात बसते. अ‍ॅन हचिन्सनचं असंच. बाप पाद्री, १६३४ ला बॉस्टनला आली, धर्मावरून तिथल्या पुढाऱ्यांशी भांडली म्हणून हद्दपार केली. ती गेटवेच.

आता तुमच्या गुंडाळीबद्दल. १९१० आणि पैसे देऊन, हे दोन शब्द एकत्र आले की मला घाम फुटतो. त्या काळी श्रीमंत अमेरिकनांना खानदान विकायचा धंदाच होता. गुस्ताव आन्जू नावाचा स्वीडनहून आलेला एक महाभाग होता, १९४२ ला वारला, त्याने शेकड्याने वंशावळी बनवल्या. त्याची पद्धत बघा, खरी कागदपत्रं भरपूर द्यायची, अगदी मृत्युपत्रांसकट, आणि मध्ये एकच सांधा आपल्या मनाचा घुसवायचा. वरचं खरं, खालचं खरं, मधला टाका खोटा. त्यामुळे वरवर तपासलं तर सगळं बरोबरच निघतं! तुमची त्याचीच असेल असं म्हणत नाहीये, पण जे काही खोटं असेल ते बहुतेक समुद्रातच सापडेल, म्हणजे १६३५ चा माणूस आणि त्याचे इंग्लंडमधले आईबाप यांच्यामध्ये.

सुरुवात राजापासून करू नका. लेकीपासून करा आणि एकेक पायरी मागे जा. १८५० पर्यंत सोपं आहे, त्या वर्षापासूनच्या जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचं नाव आहे, त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं. (१८९० ची बहुतेक जळाली, तिथे अडाल.) १८५० च्या मागे मॅसॅच्युसेट्सच्या गावांच्या जन्म लग्न मृत्यूच्या नोंदी छापलेल्या आहेत, त्या बाबतीत तुमचं राज्य सगळ्यात भाग्यवान. पण खरा जीव मृत्युपत्रात. जन्माची नोंद फक्त बाळ झालं एवढंच सांगते, मृत्युपत्र सांगतं की गाय कोणाला, गादी कोणाला, आणि माझी मुलगी मेरी जी अमक्याची बायको. बॉस्टनमध्ये १८४५ पासूनची न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटी आहे, जवळच राहता तर एक शनिवार तिथे घालवाच.

शंकेखोर:
एवढा उपद्व्याप कशाला. तीस पिढ्या मागे गेलं तर हिशेबाने शंभर कोटींवर पूर्वज होतात, तेवढी माणसं तेव्हा पृथ्वीवर नव्हती, म्हणजे तेच तेच लोक पुन्हा पुन्हा येतात. गणिताने बघितलं तर आजचा जवळपास प्रत्येक युरोपियन शार्लमेनचा, म्हणजे बाराशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या सम्राटाचा वंशज निघतो. तुमचा नवरा राजाचा वंशज आहे, त्याचा पोस्टमन पण आहे. यात मिरवण्यासारखं काय?

जुनीबखर:
शंकेखोर, गणित मान्य. पण वंशज असणं वेगळं आणि कुठल्या वाटेने ते दाखवता येणं वेगळं. पोस्टमनची वाट कागदावर नाही कारण त्याच्या पूर्वजांकडे जमीन नव्हती. ज्याच्याकडे जमीन त्याचाच कागद. राजाकडून थेट जमीन घेतलेला माणूस मेला की लगेच चौकशी बसायची, गावातले पंच शपथेवर सांगायचे की जमीन किती, वारस कोण, वारसाचं वय काय, आणि मुलगे नसले तर मुलींची नावं नवऱ्यांसकट. तेराव्या शतकापासून १६६० पर्यंतचे असे कागद आहेत. आपल्याकडे वतनाच्या भांडणात जशा वंशावळी जोडलेल्या सापडतात ना, अगदी तसंच. मिरवायचं नसेल तर मिरवू नका, मला तर तो शोधच आवडतो.

लीड्सची_काकू:
मेघना, मी इकडे यॉर्कशायरमध्ये असते आणि रिटायर झाल्यापासून हाच उद्योग करते, नवऱ्याच्या घरच्यांसाठी सुरू केला आणि आता व्यसन लागलंय. इंग्लंडच्या बाजूचं थोडं सांगते.

चर्चच्या वह्या १५३८ पासून सुरू झाल्या, हेन्री आठव्याच्या काळात थॉमस क्रॉमवेलने हुकूम काढला म्हणून. सगळ्या गावांच्या तेवढ्या जुन्या टिकल्या नाहीत. तुझा माणूस १६३५ ला गेला म्हणजे त्याचा बाप्तिस्मा साधारण १६०० ते १६१५ मधला, तो सापडायला हवा. पण सापडला की नाचू नकोस! त्या नावाचा मुलगा आजूबाजूच्या दहा गावांत असणार, कारण मुलांना नावं ठेवायची तर जॉन, थॉमस, विल्यम, संपलं. त्याच वहीत पुढे दफनाची पानं बघ. आणि त्या मुलाचं तिकडेच लग्न होऊन १६५० ला तिकडेच मेला नाही ना तेही बघ. लोक बाप्तिस्मा मिळाला की पुस्तक बंद करतात, तिथेच फसतात.

तारखा जपून. १७५२ पर्यंत इंग्लंडचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे वहीतला फेब्रुवारी १६१२ म्हणजे आपला फेब्रुवारी १६१३. हे माहीत नसेल तर लग्नाआधी पोर झालं असं वाटतं आणि उगाच कोणाच्या तरी पणजीला नाव ठेवलं जातं. तसंच ज्युनियर म्हणजे मुलगाच असं नाही हं, गावात त्याच नावाचे दोघे असले तर लहान तो ज्युनियर, नातं नसलं तरी. आणि कझिन शब्द पुतण्याभाच्यांना पण सर्रास वापरायचे.

ती ढाल सिंहवाली, तिच्यावर जाऊ नकोस. चिन्ह माणसाला मिळतं, आडनावाला नाही. सरकारी भाट, म्हणजे हेराल्ड, १५३० ते १६८८ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यात फिरून घराण्यांच्या वंशावळी लिहून घ्यायचे. त्यातल्या जवळच्या दोन तीन पिढ्या बऱ्यापैकी धरता येतात, त्यामागचं घरच्यांनी जे सांगितलं ते. आणि घरचे काय सांगतात ते आपल्याला माहितीये.

कोडवाला_अमोल:
सरळ डीएनए टेस्ट करा की, शंभर डॉलरच्या आत काम होतं.

लीड्सची_काकू:
अमोल बाळा, साध्या टेस्टने सहा सात पिढ्यांच्या मागे फार काही हाती लागत नाही. दहा पिढ्या मागे १०२४ पूर्वज, त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांचा एक कणही आपल्यात नसतो. आणि मजा ऐक, २०१२ ला लेस्टरच्या कार पार्कखाली इंग्लंडच्या राजाचा, रिचर्ड तिसऱ्याचा सांगाडा मिळाला ना, तेव्हा त्याच्या बहिणीच्या मुलीकडून मुलीकडून आलेल्या वंशजाशी आईकडचा डीएनए जुळला. पण बापाकडून बापाकडून आलेले म्हणून जे खानदानी लोक तपासले त्यांच्याशी वाय क्रोमोसोम जुळला नाही. म्हणजे कागदावर बाप एक आणि खरा दुसरा, कुठेतरी, एवढ्या मोठ्या घराण्यात. तुझी टेस्ट काढली तर राजाचं काय व्हायचं सांग.

जुनीबखर:
त्यावरून आठवलं, इंग्लंडहून वसाहत करायला निघालेल्या मेफ्लॉवर जहाजावर १६२० ला मोर आडनावाची चार भावंडं होती, एकही आईबाप सोबत नाही. त्यांच्या आईच्या नवऱ्याला संशय होता की पोरं आपली नाहीत, म्हणून त्याने ती आईपासून तोडून जहाजावर घातली. पहिल्याच हिवाळ्यात तीन गेली, एकटा रिचर्ड उरला. आणि गंमत अशी की मेफ्लॉवरवरचा राजवंश सांगतात तो याच मुलाचा. आईकडून जातो, त्यामुळे बाप कोण याने काही फरकच पडत नाही.

शंकेखोर:
हे मात्र वाचून गप्प बसलो.

मेघना_बॉस्टनकर:
सगळ्यांचे आभार, महिन्याभराने येतेय. काय काय झालं ते सांगते, थोडं लांबेल.

लेकीपासून १६३५ पर्यंत सगळे सांधे जुळले, अकरा पिढ्या, एका ठिकाणी १७३० मधलं मृत्युपत्र वाचायला दोन संध्याकाळी गेल्या (मोडी बरी म्हणायची वेळ आली). तो इप्सविचचा माणूस खरा, त्याची जमीन खरी, तो पिंपं बनवायचा. मग काकूंनी सांगितलं तसं सफकमधल्या त्या गावाच्या वहीची स्कॅन काढली. गुंडाळीत लिहिलेला बाप्तिस्मा तंतोतंत सापडला, नाव तेच, बापाचं नाव तेच, मी जवळजवळ नवऱ्याला उठवणार होते. मग दफनाचं पान उघडलं. अकरा आठवड्यांनी तेच नाव, त्याच बापाचा मुलगा, पुरला. त्या घरात पुढे त्या नावाचा दुसरा मुलगाही नाही. म्हणजे ज्या बाळाला सासरच्यांनी शंभर वर्षं मूळपुरुष मानलं ते तीन महिन्यांचंही झालं नव्हतं. रात्री दीडला एकटीच बसून त्या चारशे वर्षांपूर्वीच्या बाळासाठी मला रडू आलं, काय सांगू.

सासूबाईंना आठवडाभर सांगितलंच नाही. शेवटी पानच दाखवलं. त्या बराच वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, गुंडाळीवर पैसे किती गेले असतील गं तेव्हा? आणि मग, माझ्या माहेरचं कोणी बघितलं का कधी?

नव्हतंच बघितलं कोणी. सगळं आडनावाच्या मागे गेलं होतं. मग आम्ही दोघींनी मिळून बायकांच्या बाजू काढायला सुरुवात केली आणि सासूबाईंच्या पणजीकडून वाट ऱ्होड आयलंडला गेली, तिथून प्रॉव्हिडन्सच्या कॅथरीन स्कॉटकडे जातेय असं दिसतंय. जुनीबखर, तुम्ही ज्या अ‍ॅन हचिन्सनचं लिहिलंत तिचीच सख्खी बहीण! ही पुढे क्वेकर या ख्रिस्ती पंथात गेली, आणि क्वेकरांचे कान कापले म्हणून १६५८ ला बॉस्टनमध्ये जाऊन जाब विचारला तर तिलाच तुरुंगात टाकून फटके मारले. सासूबाईंना आता राजापेक्षा हीच जास्त आवडलीये, येणाऱ्या जाणाऱ्याला सांगतायत.

पण मध्ये एक लग्न अडलंय, १७०० च्या थोडं नंतरचं. बायकोचं पहिलं नाव आहे, माहेरचं नाही. (माझ्याच कुलवृत्तांतासारखं.) तोपर्यंत लेकीच्या तक्त्यावर त्या जागी पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलंय, शाळेतल्या बाईंना चाललं. ऱ्होड आयलंडचे कागद शोधायचे कुठे, कोणी केलंय का?

जुनीबखर:
तिकडे जिल्ह्याला जाऊन उपयोग नाही, मृत्युपत्रं आणि जमिनीचे व्यवहार गावागावात टाउन क्लार्ककडे असतात. लग्न शोधू नका, बायकोच्या बापाचं मृत्युपत्र शोधा. त्या गावात त्या वीस वर्षांत मेलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याचं वाचा, कुठेतरी जावयाचं नाव येईल.

मेघना_बॉस्टनकर:
प्रत्येक म्हाताऱ्याचं?? बरं. सासूबाईंना विचारते शनिवारी मोकळ्या आहेत का.