बालाघाटातल्या ओढ्यात पानं कुरतडणारे कीटक सापडत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी एमएस्सी झूलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात, आमच्या गावाच्या ओढ्यातल्या पाणकिड्यांवर प्रोजेक्ट घेतलाय. तीन जागा धरल्यात: वर डोंगराच्या पायथ्याला, मधे सिमेंट बंधाऱ्याच्या खाली, आणि ओढा नदीला मिळतो तिथं. ऑगस्टपासून दर पंधरा दिवसांनी जाते.

अडचण अशी. अमेरिकन नदी-अभ्यासक व्हॅनोट आणि सहकाऱ्यांनी १९८० साली मांडल्याप्रमाणे उगमाकडं सावली आणि पाचोळा, म्हणून पानं कुरतडणारे भरपूर असतात. मधे पात्र रुंदावतं, ऊन पडतं, दगडांवर शेवाळ धरतं, तिथं खरवडून खाणारे वाढतात. खाली बारीक गाळ गोळा करणाऱ्यांचं राज्य. शिकारी सगळीकडं थोडे थोडे.

माझ्या वरच्या जागेवर मात्र कुरतडणारे जवळजवळ नाहीतच. दगड उलटला की मेफ्लायची (पाण्यात वाढून मग उडणारा नाजूक कीटक) चपटी पिल्लं आडवी सरकत दुसऱ्या अंगाला पळतात, पोटाच्या दोन्ही बाजूंचे कल्ले थरथरत असतात. ही तर खरवडणारी! चतुराची पिल्लं, पाठीवर अंडी घेऊन फिरणारे पाणढेकूण हेही मिळतात. बंधाऱ्याखाली दगडादगडाला कॅडिसफ्लायच्या (पतंगासारखा दिसणारा पाणकीटक) अळ्यांची बारीक जाळी आहेत, त्या गाळून खाणाऱ्या.

कुरतडणारा म्हणून एकच मिळाला, पानांच्या तुकड्यांचं घरटं करून राहणारी कॅडिसफ्लायची अळी. तीही मोजकी. माझं जाळं चुकतंय, की जागा? हा गट तक्त्यातून काढून टाकू का? मार्गदर्शक म्हणतात, आकडे पुस्तकाशी जुळले पाहिजेत. मला ते पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही.

प्रतिसाद १

ताई, गट काढू नका आणि आकड्यांना तर हातही लावू नका. ती मांडणी उत्तर अमेरिकेतल्या, रानातून वाहणाऱ्या ओढ्यांवरून आली आहे. तिथं शरदात पानं पडतात तेव्हा ओढ्याला पाणी असतं. आपल्याकडं पळस, धावडा पानं टाकतात उन्हाळ्याच्या तोंडाला, ओढा कोरडा ठणठणीत असताना. पाचोळा पात्रातच वाळतो आणि मृगाच्या पहिल्या लोंढ्यात वाहून जातो. तुम्ही ऑगस्टला पोचता तेव्हा खाणाऱ्याला पान उरतं कुठं? त्यात बालाघाटाचे माथे उघडे, म्हणून वरच्या दगडांवरही शेवाळ. बंधाऱ्याखालच्या जाळ्यांचंही कारण सरळ आहे. साठलेल्या पाण्यात वाढलेलं सूक्ष्म शेवाळ आणि जीव सांडव्यावरून खाली येतात, गाळून खाणाऱ्यांना आयतं ताट मिळतं.

आणखी एक. पानांचं घर बांधतो तो पानंच खातो असं नाही. घर हे घर, जेवण वेगळं. पाच-सहा अळ्यांचं आतडं काढून ग्लिसरीनमध्ये स्लाइड करा. पानाच्या पेशींचे तुकडे दिसले तर कुरतडणारा, डायटम (दगडांवरचं काचेसारख्या कवचाचं सूक्ष्म शेवाळ) दिसले तर खरवडणारा, नुसता बारीक चोथा असेल तर गोळा करणारा.

प्रतिसाद २

जाळ्यात खेकडे येतात का? त्यांचं काय करता? उष्ण प्रदेशातल्या बऱ्याच ओढ्यांत पानं फाडायचं काम खेकडेच करतात, केनियातल्या डोंगरी ओढ्यांत ते दिसून आलंय. करंजाची वाळवलेली, वजन केलेली पानं दोन तऱ्हेच्या पिशव्यांत बांधून पाण्यात ठेवा. एक मोठ्या छिद्रांची, खेकडा शिरेल अशी. दुसरी बारीक जाळीची, ज्यात फक्त बुरशी आणि जिवाणूच काम करतील. तीन आठवड्यांनी परत वाळवून तोला. दोन्ही पिशव्यांच्या वजनातल्या घटीतला फरक म्हणजे साधारणपणे कुरतडणाऱ्यांचा वाटा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. खेकडे मी प्रत्येक वेळी परत पाण्यात सोडत होते, कीटक नाहीत म्हणून वहीत नोंदसुद्धा केली नाही. वरच्या जागेवर शेळ्या राखणारे आजोबा पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "पोरी, ह्या वढ्यात खेकडंच लई, पानाखाली हात घालू नको." मी फक्त हात जपला.

अजून पाणी वाहतंय, रविवारी दोन्ही पिशव्या बांधते. एवढं सांगा, मोठ्या छिद्रांची पिशवी खेकड्यानं ओढून नेऊ नये म्हणून दगडाला बांधू, की काठावरच्या करंजाच्या मुळाला?