मदत हवी आहे: ओझं ओढायला बेल्टची एटीव्ही की गिअरची?

मंडळी, संथ गतीने जड ट्रेलर ओढायला एटीव्ही (खडबडीत जमिनीवर चालणारी छोटी चारचाकी) निवडायची आहे. कंपन्यांची चढाओढ जाहिरातीत अश्वशक्तीवर चालते, पण या कामाला खरा फरक ट्रान्समिशनचा, म्हणजे इंजिनची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेचा पडतो.

पोलारिस, कॅन-ॲम आणि यामाहा बेल्टची सीव्हीटी देतात, म्हणजे गिअर बदलण्याऐवजी दोन पुल्या आणि बेल्टवर चालणारं ट्रान्समिशन. होंडाने फोरमन, रुबिकॉन या मॉडेलांमध्ये गिअरच ठेवले आहेत.

बेल्टचं दुखणं ठरलेलं आहे. हाय रेंजमध्ये (नेहमीच्या वेगाच्या टप्प्यात) ओझं घेऊन हळू निघालं की इंजिनकडची पुली बेल्ट पकडताना घसरते आणि बेल्ट एकाच जागी भाजतो. काढून बघा, कडेला काचेसारखा चकचकीत डाग दिसतो, तिथली रुंदीही कमी झालेली असते. मग निघताना दर फेऱ्याला धक्का बसतो आणि शेवटी धागे सुटतात. लो रेंजने (कमी वेग, जास्त ओढ) हे बरंचसं टळतं. बेल्टच्या हाउसिंगमध्ये (झाकणाच्या पेटीत) पाणी शिरलं तरी बेल्ट घसरतो. तेव्हा ड्रेन प्लग काढून आधी पाणी काढायचं, मग न्यूट्रलमध्ये इंजिन फिरवून पुल्या वाळवायच्या.

यामाहाच्या अल्ट्रामॅटिक या सीव्हीटीमध्ये वेगळा सेंट्रिफ्युगल क्लच (इंजिनचा वेग वाढला की आपोआप जोडला जाणारा) असल्याने बेल्ट कायम ताणलेला राहतो. ही रचना मला जास्त पटते.

ज्यांनी दोन्ही प्रकार राबवले आहेत त्यांनी सांगावं: चिखलात तासन्‌तास रांगत चालवल्यावर होंडाच्या ड्युअल क्लच (दोन क्लचच्या) गिअरबॉक्सच्या प्लेटा तापतात का? तेल किती तासांनी बदलता? आणि ओझ्याच्या कामात अल्ट्रामॅटिकचा बेल्ट किती तास टिकला? किलोमीटर नको, तासच सांगा.