परदेशात बॉम्ब टाकला अन् साधी माणसं मेली, तर पंचनामा कोण करते?

वणीची_वाचक:
कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे, विषय आला 'परदेशातल्या लष्करी कारवाया आणि नागरिकांचं रक्षण'. जिनिव्हा करार वाचला, नागरिकांवर हल्ला करायचा नाही एवढं समजलं, पण चुकून मेले तर पुढं काय होते ते कुठंच नीट सापडून नाही राहिलं. आमच्याकडं वाघानं माणूस मारला की वनविभागाचे लोक येतात, पंचनामा होते, बयान घेतात, वारसाचं नाव लिहितात, मग भरपाईची फाइल चालते. तिकडे विमानातून बॉम्ब पडते, त्याच्या पंचनाम्याले कोण जाते? आणि आधीच टाळता येते का? कोणाला माहीत असन तर सांगा, गुगल करून डोकं उठलं.

आर्वीचा_वकील:
ताई, बहुतेक वेळा कोणीच जात नाही, हाच तुझा मुद्दा धर. ज्यानं बॉम्ब टाकला तेच आपला व्हिडिओ अन् आपलंच रेकॉर्ड तपासते, त्यात बाई-लेकरं दिसली नाहीत की तक्रार 'विश्वासार्ह नाही' म्हणून बंद. इराक-सीरियात आयसिसविरुद्धच्या मोहिमेत अमेरिकेच्या आघाडीनं सुमारे १४०० नागरिक मेल्याचं कबूल केलं, एअरवॉर्स नावाची संस्था कमीत कमी ८००० म्हणते. एवढा फरक कसा पडला? एकानं स्थानिक बातम्या, फोटो, नातेवाइकांच्या पोस्ट अन् नावं गोळा केली, दुसऱ्यानं वरून काढलेला व्हिडिओ पाहिला. बाकी तूच समज.

काबूलचं प्रकरण तर नक्की घे. २९ ऑगस्ट २०२१, अमेरिकेच्या ड्रोननं एक पांढरी गाडी दिवसभर फॉलो केली, गाडीत स्फोटकं आहेत म्हणून मिसाईल टाकलं, मेले १० जण, त्यात ७ लेकरं. ड्रायव्हर एका मदत संस्थेचा माणूस होता, गाडीत भरले ते पाण्याचे डबे. आधी म्हणे हल्ला बरोबरच होता, पत्रकारांनी जाऊन खोदलं तेव्हा १७ सप्टेंबरले चूक मानली. चौकशीत निघालं की हा अतिरेकीच असं आधीच मनात बसलं होतं, मग पाण्याचे डबेही बॉम्ब दिसले. शिक्षा कोणालेच नाही.

टाळायचं म्हणशील तर जिनिव्हा करारांले जोडलेल्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलचं (पुरवणी कराराचं) कलम ५७ पाय: टार्गेट नक्की करा, शक्य असन तर आधी इशारा द्या, नुकसान फायद्याच्या मानानं फार होत असन तर हल्ला थांबवा. (भारत अन् अमेरिका दोघंही या प्रोटोकॉलचे सदस्य नाहीत, हे विचारतीलच, तयार राय.) काबूलनंतर २०२२ मध्ये अमेरिकेनं एक आराखडा काढला, त्यात ऑपरेशनच्या टीममध्ये उलटा प्रश्न विचारणारा माणूस ठेवायचं ठरलं, तक्रारींची नोंद एका जागी करायचं ठरलं. २०२५ मध्ये त्याच कामाच्या ऑफिसांवर कात्री चालवायच्या बातम्या आल्या.

पुलगावचा_कास्तकार:
हाविजा शोध. इराकात जून २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या विमानांनी आयसिसचा बॉम्ब बनवायचा कारखाना उडवला, आत किती माल भरला याचा हिशोबच चुकला, आजूबाजूची वस्ती गेली, कमीत कमी ७० माणसं. अन् त्यांच्या सरकारनं उघड कबूल केलं २०१९ मध्ये!! चार वर्षं तिथल्या लोकांले माहीतच नाही बॉम्ब कोणाचा. पैसे नंतर दिले ते गावाच्या कामासाठी, घरटी काही नाही.
आम्ही पुलगावात २०१६ ची लष्करी दारूगोळ्याच्या डेपोची आग पायली बावा, दारूगोळा एकदा पेटला की त्याले गावाची हद्द समजत नाही. "अंदाज चुकला" हे मले तरी पटत नाही, साठा आहे म्हणूनच तर बॉम्ब टाकला ना?

रिटायर्ड_हवालदार_चिखली:
मी कांगोत यूएन मिशनवर होतो. सगळं कायद्याच्या पुस्तकात पाहू नका, जास्त काम साध्या गोष्टीनं होते. कॅम्पजवळच्या गावात मोबाइल देल्ले, गोळीबार वाटला की फोन करा, अन् तिथलेच पोरं आमच्या संग ठेवले भाषेसाठी. ते सांगत, हे लोक बंडखोर नाहीत साहेब, बाजाराले चालले. आकाशातून हे कसं कळन? अफगाणिस्तानात २००९ मध्ये अमेरिकन जनरलनं वस्तीवर विमानहल्ल्याले लगाम घातला, यूएनच्या मोजणीत सरकारी अन् परदेशी फौजांच्या हातून मेलेले नागरिक त्या वर्षी ५९६ होते, पुढच्या वर्षी ४४०. म्हणजे हुकूम देल्ला की फरक पडते.

निनावी_७:
नुसते अमेरिकेवर बोट ठेवू नका. श्रीलंकेतलं जाफना हॉस्पिटल, ऑक्टोबर १९८७, तिथं आपली भारताची शांतिसेना होती. पेशंट, डॉक्टर, नर्स मेले, साठच्या वर म्हणतात. कोणत्या पंचनाम्याची गोष्ट करता?

रिटायर्ड_हवालदार_चिखली:
फौजेचं म्हणणं क्रॉसफायर होतं. पण तुम्ही म्हणता ते खोटं नाही भाऊ, बाहेरच्या माणसाकडून चौकशी व्हाले पायजे होती. आमचेही हजारावर जवान गेले तिथं, म्हणून हा विषय घरात कोणी काढत नाही.

वणीची_वाचक:
जाफना घेऊ की नको? परीक्षक चिडतील का? आणि भरपाईचा एक आकडा द्या ना कोणी.

आर्वीचा_वकील:
घे, चिडले तर चिडले, उलट तुझंच वजन वाढन. भरपाईसाठी कुंडूझ घे: ३ ऑक्टोबर २०१५, अफगाणिस्तानातलं एमएसएफ या डॉक्टरांच्या मदत संस्थेचं हॉस्पिटल, जागेचे जीपीएस आकडे आधीच देऊन ठेवले होते तरी अमेरिकन विमानानं मारा केला, ४२ मेले. मेलेल्यामागं ६००० डॉलर, जखमीले ३०००. १६ जणांवर खात्याची कारवाई, कोर्टात कोणीच नाही. एक ध्यानात ठेव, हे पैसे सानुग्रह म्हणून देतात, म्हणजे घेणाऱ्याले हक्क म्हणून मागता येत नाही अन् देणारा गुन्हा मानत नाही. परीक्षकानं "भरपाई तर मिळाली ना" म्हटलं की इथंच धर त्याले.