नोडवरून डीनोवर: स्थलांतर, रूपांतर की नुसते ‘नेणे’?

विचारणा

कोल्हापुरातील राजारामपुरीतल्या आमच्या लहानशा कार्यालयात सहकारी दूध संस्थांसाठी हिशेबाच्या प्रणाली लिहिल्या जातात. त्यांपैकी एक प्रणाली गेली काही वर्षे नोडवर, म्हणजे जावास्क्रिप्ट या संगणक-भाषेत लिहिलेली प्रणाली चालवणाऱ्या साधनावर, चालत होती. ती आम्ही नुकतीच डीनो या तशाच दुसऱ्या साधनावर आणली आणि ग्राहकांना पाठवायच्या सूचनापत्रात मी असे वाक्य लिहिले: ‘आपली प्रणाली नोडमधून डीनोमध्ये स्थलांतरित करण्यात आली आहे.’ दुसऱ्याच दिवशी शिरोळ तालुक्यातील एका संस्थेच्या सचिवांचा फोन आला. “अवो, स्थलांतर म्हंजे आमचा डाटा कुठं नेलायसा? पाणी आलंय काय तुमच्याकडं?” माहिती जागची हललेली नाही, सर्व्हर तोच आहे, दूध बिलांचे हिशेबही तेच आहेत, बदलले आहे ते फक्त प्रणालीला चालवणारे साधन, हे मी त्यांना समजावून सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “मग तसंच लिवायचं की.”

तसे नेमके कसे लिहावे, हीच माझी विचारणा आहे. एक तर या क्रियेला ‘स्थलांतर’ म्हणणे बरोबर आहे का? दुसरे म्हणजे अशा चालवणाऱ्या साधनाला जो ‘रनटाइम’ म्हणतात, त्याला मराठी शब्द वापरावा का? आणि ‘नोडमधून’ व ‘नोडवरून’ यांत काही फरक करावा का?

पहिले उत्तर

सचिवांची शंका भाषेच्या दृष्टीने अगदी रास्त आहे. ‘स्थलांतर’ या समासातील ‘अंतर’ म्हणजे दोन ठिकाणांमधले अंतर नव्हे. संस्कृतात उत्तरपदी येणाऱ्या ‘अंतर’चा येथे अर्थ ‘दुसरा’ असा आहे, म्हणून स्थलांतर म्हणजे दुसरे स्थळ, भाषांतर म्हणजे दुसरी भाषा आणि रूपांतर म्हणजे दुसरे रूप. पुढे मराठीत या शब्दांना क्रियेचा अर्थ चिकटला आणि वेषांतर, धर्मांतर, पक्षांतर, हस्तांतर असे मोठे कुटुंब तयार झाले. या कुटुंबाचा उपयोग असा की पूर्वपद पाहिले की काय बदलले ते कळते. वेषांतरात माणूस तोच राहतो, वेष बदलतो. हस्तांतरात वस्तू तीच राहते, धनी बदलतो. मग आपल्या प्रणालीचे स्थळ बदलले आहे काय? आपणच लिहिता की सर्व्हर तोच आहे. तेव्हा हा शब्द येथे नुसता जड नाही, तर चुकीची माहिती देणारा आहे. त्यातही शिरोळ तालुक्यात, जेथे 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही वर्षी कृष्णा-पंचगंगेच्या पुरात गावेच्या गावे हलवावी लागली, तेथे ‘स्थलांतरित करण्यात आली आहे’ असे वाक्य वाचणाऱ्याच्या मनात जनावरे, ट्रॅक्टर आणि शाळेतली छावणी उभी राहते. शब्दकोशातील अर्थापेक्षा हा अर्थ तिथे बळकट आहे.

‘रूपांतर’ही येथे पूर्ण बसत नाही. जावास्क्रिप्टमधील प्रणाली कोणी गो किंवा रस्ट या भाषेत नव्याने लिहिली, तर त्याला रूपांतर म्हणावे. आपण मात्र भाषा बदललेली नाही. काही ओळी बदलाव्या लागल्या असतील, हे मान्य आहे: बाहेरचा भाग मागवण्यासाठीचे जुन्या पद्धतीचे ‘रिक्वायर’ काढून ‘इम्पोर्ट’ आणणे, किंवा फाइल वाचण्याचे अंगभूत मॉड्यूल (तयार भाग) मागवताना त्याच्या नावाआधी ‘नोड:’ असा उपसर्ग लावणे. (नोड सोडल्यावरही ओळीओळीत नोडचे नाव राहते, ही यातली गंमत आहे, सासरी गेलेल्या मुलीला गावात माहेरच्या नावानेच ओळखावे, तसे.) पण एवढ्याने रूप पालटले असे कोणी म्हणणार नाही.

आता आपल्या तिसऱ्या प्रश्नाकडे आधी येतो, कारण माझ्या मते सगळी किल्ली तिथेच आहे. मराठीत आपण प्रणाली ‘जावास्क्रिप्टमध्ये लिहिली’ असे म्हणतो आणि ती ‘नोडवर चालते’ असे म्हणतो. हे प्रत्यय कोणी शिकवलेले नाहीत, पण कार्यालयातला नवशिक्या मुलगाही त्यांत सहसा चूक करत नाही. ज्यात गोष्ट घडवली जाते त्याला ‘मध्ये’ लागते आणि ज्याच्या बळावर ती चालते त्याला ‘वर’ लागते. गिरणी विजेवर चालते, रिक्षा गॅसवर चालते. नदीकाठच्या शेतकऱ्याने पंप बदलला की तो ‘पंप डिझेलवरून विजेवर घेतला’ असे सांगतो. पंपाचे स्थलांतर झाले असे तो म्हणत नाही, कारण पंप आहे तिथेच आहे, पाणीही त्याच विहिरीचे आहे. आपल्या प्रणालीचेही हुबेहूब असेच झाले आहे. ‘नोडमधून डीनोमध्ये’ असे लिहिले की वाचकाला नोड ही एक भाषा किंवा एक जागा वाटू लागते आणि तिथून पुढचा सगळा घोटाळा सुरू होतो. ‘नोडवरून डीनोवर आणली’ एवढे लिहिले असते, तर कदाचित फोन आलाच नसता.

‘रनटाइम’विषयी. या शब्दाचे इंग्रजीतच दोन अर्थ आहेत आणि मराठीत येताना ते दोन्ही एकाच पिशवीतून आले. ‘ही चूक रनटाइमला कळते’ या वाक्यात तो काळ आहे, प्रणाली चालू असतानाचा. ‘रनटाइम बदलला’ या वाक्यात ते साधन आहे. पहिल्यासाठी ‘चालू असताना’ हे सरळ मराठी पुरते. दुसऱ्यासाठी ‘चालन-पर्यावरण’ यांसारखे शब्द घडवता येतात, पण पर्यावरण म्हटले की पंचगंगेचे प्रदूषण आठवते, म्हणून ‘रनटाइम’ तसाच ठेवावा आणि पहिल्यांदा आला की एका वाक्यात उलगडून सांगावा.

तो उलगडताना इंजिन आणि रनटाइम यांची गल्लत होऊ देऊ नये. आपल्याकडे गुऱ्हाळ सर्वांनी पाहिलेले असते. उसाचा रस काढणारा चरक हा गुऱ्हाळाचा एक भाग असतो. चुलवाण, काहील, वाफे आणि कधी उतरवायचे ते ठरवणारा गुळव्या मिळून गुऱ्हाळ होते. जावास्क्रिप्ट प्रत्यक्ष चालवणारे इंजिन म्हणजे चरक, आणि त्याच्याभोवती फाइल, नेटवर्क, वेळ, पॅकेज यांची व्यवस्था पाहणारा रनटाइम म्हणजे गुऱ्हाळ. रायन डाल यांनी 2009 मध्ये नोड मांडले ते क्रोम ब्राउझरमधील व्हीएट (V8) हे इंजिन घेऊन, आणि त्यांनीच 2018 मध्ये नोडमधील स्वतःच्या चुकांची जाहीर कबुली देत डीनो पुढे आणले, तेही व्हीएटवरच. म्हणजे चरक तोच आहे, गुऱ्हाळ वेगळे आहे. जॅरेड समनर यांच्या बन या रनटाइममध्ये, ज्याची पहिली स्थिर आवृत्ती 2023 मध्ये आली, चरकही वेगळा आहे. तिथे सफारी ब्राउझरचे जावास्क्रिप्टकोर हे इंजिन वापरले आहे.

गुळव्या बदलला की काय होते, याचा अनुभव आपण घेतलाच असेल. नोडवर प्रणालीला फाइल, नेटवर्क आणि पर्यावरण-चले (डेटाबेसच्या पत्त्यासारख्या, प्रणालीला बाहेरून पुरवलेल्या नोंदी) आपसूक मोकळी असतात; डीनो यांपैकी काहीही न विचारता देत नाही. प्रणाली पहिल्यांदा सुरू केली की डेटाबेसचा पत्ता वाचायची परवानगी टर्मिनलवर (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) मागितली जाते, आणि तीच प्रणाली पार्श्वभूमीला चालणारी सेवा म्हणून सुरू केली, तर विचारायला समोर कोणी नसल्यामुळे ती त्रुटी दाखवून थांबते. या परवानग्या प्रणाली सुरू करण्याच्या आज्ञेतच लिहून द्याव्या लागतात.

जाता जाता उच्चाराविषयी: मराठीत बरेच जण ‘डेनो’ लिहितात, पण त्या प्रकल्पानेच ‘डीनो’ असा उच्चार दिलेला आहे आणि त्याचे चिन्हही डायनोसॉर आहे. ‘बन’चे मात्र कठीण आहे. ‘प्रणाली बनवर नेली’ हे वाक्य वाचताना डोळा ‘बनवणे’कडे घसरतोच, तिथे ‘बन रनटाइमवर’ असे पूर्ण लिहावे.

दुसरे उत्तर

वरील विवेचन पटले, परंतु एक अडचण राहते. ‘नेणे’, ‘आणणे’ ही क्रियापदे वाक्यात चालतात. कामाच्या यादीत, देयकात किंवा मथळ्यात नाम लागते. तिथे ‘पालट’ हा शब्द विचारात घ्यावा, असे सुचवतो. हवापालटासाठी माणूस पन्हाळ्याला जातो तेव्हा माणूस तोच असतो, हवा बदलते. खांदेपालट या शब्दाचा मूळ अर्थ तर इथे फारच चपखल आहे, कारण त्यात ओझे तेच राहते आणि वाहणारा खांदा बदलतो. पण वर्तमानपत्रांनी तो शब्द मंत्रिमंडळाच्या आणि अधिकाऱ्यांच्या बदल्यांसाठी इतका वापरला आहे की देयकात ‘प्रणालीची खांदेपालट’ असे वाचून संस्थेचे अध्यक्ष दचकतील. म्हणून साधे ‘रनटाइम-पालट’. डेटाबेस एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर खरोखर हलवला, तर त्याला ‘स्थलांतर’ खुशाल म्हणावे. तिथे तो शब्द खरा आहे.

विचारणाऱ्याकडून

दोघांचेही आभार. परवानग्यांचा अनुभव तंतोतंत तसाच आला. आमची सेवा रात्री सुरूच झाली नव्हती आणि सकाळी दूध संकलनाच्या वेळी ते लक्षात आले. सूचनापत्र आता असे केले आहे: ‘आपली प्रणाली ज्या साधनावर चालते, तो रनटाइम बदलला आहे. ती पूर्वी नोडवर चालत होती, आता डीनोवर चालते. आपली माहिती आणि सर्व्हर पूर्वीच्याच जागी आहेत.’ देयकात ‘रनटाइम-पालट’ लिहिले आहे. सूचनापत्र तपासताना आमच्याकडे ‘रनटाइम बदलला’ की ‘बदलले’ असा वाद झाला, कारण निम्मे लोक साधन मनात धरून नपुंसकलिंग लावत होते. ‘टाइम झाला’ असे आपण म्हणतो, त्यामुळे मी पुल्लिंग ठेवले आहे.