कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून एक्झॉस्ट बसवायचाय, ऑक्सिजन सेन्सर पण बदलू का?

विश्रामबागकर:
मंडळी, सांगलीत सेकंडहँड निसान ३७०झेड घेतलीय, चेक इंजिन लाइट जातच नाही, स्कॅनरला पी०४२० हा एरर कोड येतोय. गॅरेजवाला म्हणतो चारही ऑक्सिजन सेन्सर बदला. मला तसाही कॅट काढून मोकळा एक्झॉस्ट टाकायचाय, एकदमच करू का?

मिरजेचा फिटर:
भावा थांब जरा. पी०४२० म्हणजे बँक १ चा (व्ही६ च्या एका बाजूच्या सिलिंडरांचा) कॅट नीट काम करत नाही असं ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला वाटतंय, सेन्सर गेलाय असं नाही. इंजिनकडचे दोन सेन्सर हवा-पेट्रोलचं मिक्स्चर सांभाळतात, मागचे दोन कॅटवर नजर ठेवतात. गाडी चांगली तापवून स्कॅनरवर लाइव्ह डेटा बघ, मागच्या सेन्सरचं व्होल्टेज बऱ्यापैकी स्थिर पाहिजे, ०.१ ते ०.९ व्होल्ट असं सारखं नाचत असेल तर कॅटवरच संशय घे. आणि आधी एक्झॉस्टचे जॉइंट लीक आहेत का बघ, तिथनं हवा आत गेली की रीडिंग खोटं येतं. सेन्सर काढायचाच झाला तर २२ मिमीचा फट असलेला सॉकेट घे, नव्याच्या आट्यांना अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लाव पण टोकाला अजिबात लागू देऊ नको, सेन्सर जाईल.

सातारी गडी:
कॅट काढू नको रे, मनापासून सांगतो. प्रदूषण वाढतं, वर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० पर्यंत दंड. आवाजच पाहिजे तर कॅटच्या मागचा चांगला सायलेन्सर बघ, तोही मर्यादेतला. खंबाटकी घाट चढताना व्ही६ तसाही झकास वाजतो.

विश्रामबागकर:
धन्यवाद दादा, आधी लीक आणि डेटा बघतो, सेन्सरची ऑर्डर थांबवली.