मदत हवी आहे: व्हाइट वाइनची चव शब्दांत कशी पकडायची?

गेले काही महिने वाइन चाखून वहीत नोंदी करतेय. रेड सोपी जाते. बारोलो ही इटलीची रेड दिसायला फिकी, पण घोट घेतला की हिरड्या आवळतात, जीभ कोरडी पडते. टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून उतरणाऱ्या द्रव्याचा, तो तुरटपणा लगेच कळतो. अडतं ते व्हाइटपाशी. फ्रान्सची शाब्ली आणि जर्मनीतल्या मोझेल खोऱ्याची रीसलिंग, दोन्ही थंड प्रदेशातल्या, दोन्ही आंबट. माझ्या वहीत दोघींपुढे 'लिंबू, हिरवं सफरचंद' एवढंच! मुरलेल्या रीसलिंगमधला रॉकेलसारखा वास मात्र परवा स्पष्ट आला, फार आनंद झाला. शाब्लीला 'मिनरल', म्हणजे ओल्या दगडासारखी किंवा खडूसारखी, म्हणतात, ते नेमकं नाकाला जाणवतं की जिभेला? दोन आंबटपणांतला फरक तुम्ही कसा ओळखता? बाटल्या झाकून शेजारी-शेजारी चाखायच्या का? जाणकारांनी कृपया सांगा.