गिटारवर जी मेजर कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) नेमकी कुठल्या बोटांनी धरायची?

नवशिका_गिटार:
मी जी मेजर अशी धरतो: मधलं बोट सहाव्या (जाड) तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर (दांडीवरच्या दोन पट्ट्यांमधली जागा), तर्जनी पाचवीच्या दुसऱ्यावर, अनामिका पहिलीच्या तिसऱ्यावर. पण चौथी तार बद्द वाजते आणि सी मेजरवर जाताना ठोका हमखास चुकतो. काहीजण करंगळीही लावतात. बरोबर पद्धत कोणती?

खर्जाची_तार:
सगळ्याच बरोबर आहेत. पुढे कुठली कॉर्ड येते, ते बघून बोटं ठरवायची. सीवर जायचं असेल तर अनामिका सहावीच्या तिसऱ्यावर, मधलं बोट पाचवीच्या दुसऱ्यावर, करंगळी पहिलीच्या तिसऱ्यावर. आता अनामिका आणि मधलं बोट ही जोडी न मोडता एकेक तार खाली सरकवा, फ्रेट तेच. करंगळी उचला, रिकामी तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर ठेवा. झाली सी. तुमच्या पद्धतीत तिन्ही बोटं हवेत जातात आणि नवी जागा शोधतात, ठोका तिथेच निसटतो.

मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा. पहिल्या ठोक्याला एकच स्ट्रोक, उरलेल्या तीन ठोक्यांत बोटं हलवायची. करंगळी सुरुवातीला लटपटते, म्हणून वेग लगेच वाढवू नका.

सहा_तारा:
बद्द तारेचं सांगतो. चौथी तार मोकळीच वाजायची असते. तिला बहुतेक पाचवीवरची तर्जनी आडवी होऊन टेकते. सहावीपासून एकेक तार छेडून खात्री करा. अंगठा नेकवरून (दांडीवरून) वर आला की तळवा नेकला चिकटतो आणि बोटं झोपतात. अंगठा नेकच्या मागे, साधारण मधल्या बोटासमोर ठेवा, मनगट थोडं पुढे काढा, बोटाच्या टोकाने फ्रेटच्या पट्टीला लागून दाबा. नखं वाढलेली असतील तर बोट उभं राहणारच नाही.

तर्जनी अजिबात जमत नसेल तर ती काढा आणि मधल्या बोटाच्या पोटाने पाचवी तार हलकेच अडवा. खर्जातला बी स्वर (कॉर्डला मेजर करणारा) जातो, पण दुसरी मोकळी तारही बी असल्याने कॉर्ड मेजरच राहते. उलट जास्त स्वच्छ वाजते.

नवशिका_गिटार:
करंगळीने जमतंय, हळूहळू. पण क्रम जी, डी, ई मायनर, सी असा असेल तर?

खर्जाची_तार:
मग चार बोटांची जी घ्या. मधलं बोट आणि तर्जनी तुमच्या जुन्याच जागी, अनामिका दुसरीच्या तिसऱ्यावर, करंगळी पहिलीच्या तिसऱ्यावर. अनामिका आता शेवटपर्यंत उचलायची नाही. डीसाठी करंगळी काढून तर्जनी तिसरीच्या दुसऱ्यावर, मधलं बोट पहिलीच्या दुसऱ्यावर. ई मायनरला तर्जनी पाचवीच्या आणि मधलं बोट चौथीच्या दुसऱ्यावर, करंगळी परत जागेवर (डी स्वर वाढल्याने खरं तर ही ई मायनर सेव्हन होते). शेवटी मधलं बोट पाचवीच्या तिसऱ्यावर, तर्जनी चौथीच्या दुसऱ्यावर, सहावी तार सोडून वाजवा: सी ॲड नाइन.

ही साधी सी नव्हे, तिच्यात डी स्वर जास्तीचा आहे. चाल सी स्वरावर थांबत असेल तर तो डी खटकू शकतो. तिथे साधी सीच धरा.